आमच्या नावापुढचा पाच

"शेवंते, पाणी म्हशीला पाज, दुधाला नको."

दूध संस्थेचा सेक्रेटरी माझ्या आईला म्हणाला. सकाळची रांग हसली. आईही हसली. हसताना किटलीची कडी तिनं दोन्ही हातांनी घट्ट धरली होती. ते हसणं मला आजही सहन होत नाही.

मी नववीत होते. नव्वदचं दशक अर्ध्यावर आलं होतं. कागलच्या बाजूचं आमचं गाव. सेक्रेटरीला सगळे तात्या म्हणायचे. गावातल्या प्रत्येकाच्या दुधाचा नमुना तो लहान बाटलीत घ्यायचा, फॅट मोजायचा, वहीत लिहायचा; त्या आकड्यावर दुधाचे पैसे मिळायचे. आमची दलितांची वस्ती, नऊ घरं. आमच्यासाठी बाटली नव्हती. पोचे पडलेला एक जुना कॅन होता, गळ्याला लाल चिंधी बांधलेला. आम्ही शेवटी यायचं. आपल्या हातानं वरून त्यात ओतायचं. वहीत न मोजता लिहिलं जायचं, फॅट पाच. नऊ घरं, नऊ वेळा पाच. आमचं दूध लागलेली बाटली गावाला चालली नसती.

शीतकरण केंद्रात मात्र सगळे कॅन एकाच टाकीत रिकामे व्हायचे. तिथून चिठ्ठी एकच यायची. एकूण लिटर किती, सरासरी फॅट किती. ती तात्या दुसऱ्या दिवशी बाहेरच्या फळ्यावर लिहायचा.

त्या सकाळी तो पुढं म्हणाला, "परत पातळ दिसलं तर एक तारखेपासनं तुमचा कॅन बंद."

एक तारखेला दहा दिवस होते. धार काढताना मी रोज आईशेजारी बसायचे. दुधात थेंबभर पाणी पडत नव्हतं.

शाळेत तेव्हा दोन चलांची समीकरणं चालू होती. सर म्हणाले होते, "माहीत नाही त्याला क्ष म्हणा, य म्हणा. माहीत नसलेल्या गोष्टी दोन असतील तर वाक्यंही दोन लागतात. एकच वाक्य दोनदा सांगून भागत नाही."

मी फळ्यावरचे आकडे वहीत उतरवायला लागले. आमच्या वस्तीचं दूध रोज वीस लिटर. एके दिवशी संस्थेचं एकूण दूध दोनशे लिटर, फॅट सहा पूर्णांक एक. मग बेंदूर आला, बैलांचा सण. गावात दूध पोळीबरोबर खायला घरीच राहिलं. आम्ही पोळी गुळवणीशी खाल्ली आणि दूध घातलं. त्या दिवशी एकूण शंभर लिटर, फॅट सहा पूर्णांक दोन.

मी गणित मांडलं. आमची फॅट पाच धरली, गावाची क्ष. पहिल्या दिवशी क्ष सव्वासहाच्या आसपास आला. बेंदरादिवशी साडेसहा. गावातल्या सगळ्या म्हशी एका सणाला अशा कशा सुधारल्या? तीन वेळा तपासलं. गुणाकार बरोबर होता.

वही सरांना दाखवली. त्यांनी एका आकड्यावर बोट ठेवलं.

"हा पाच कुणी मोजला?"

कुणीच मोजला नव्हता. तात्यानं लिहिला होता, आणि मी, रोज धारेला बसणारी, तो खरा धरून चालले होते. अपमान आमच्यावर बाहेरून लादलेला होता. पण माझ्या वहीत तो मी माझ्या हातानं लिहिला होता.

पाच खोडला. तिथं य लिहिला.

१८० क्ष + २० य = १२२०
८० क्ष + २० य = ६२०

वजाबाकी केली. क्ष सहा. य सात.

आमची फॅट सात होती. गावापेक्षा एकानं जास्त. मधली दोन फॅट रोज कुणाच्या नावावर चढत होती, ते समीकरण मी मांडलं नाही.

सर म्हणाले, "रोजची फॅट सारखीच राहते, हे तू गृहीत धरलंयस. तिसऱ्या दिवशी ताडून बघ." ताडून बघितलं. एकूण दीडशे लिटर. फळ्यावरची फॅट बघायच्या आधी वहीत लिहिलं, सहा पूर्णांक एक. फळ्यावर तेच आलं. मग सरांनी आवाज खाली आणला. "पोरी, हे बरोबर आहे. म्हणूनच जपून."

दुसऱ्या दिवशी रांगेत मी म्हणाले, "तात्या, आमचं दूध बाटलीत घ्या. सातच्या आसपास लागंल. पाच लागली तर आजच कॅन बंद करा."

"हितं काय शाळा भरलीया?"

रांगेतला एक म्हातारा म्हणाला, "घे की तात्या. बाटली झिजती काय?"

तात्या हसला नाही. माझ्याकडं बघितलंही नाही. हळू आवाजात आईला म्हणाला, "शेवंते, तुझी म्हस आमच्याच बांधावर चरती न्हवं?"

रांग खाली बघायला लागली. म्हाताराही.

आईनं किटलीचं झाकण दाबून बसवलं. "चरती की. बाटली आल्याबिगार झाकाण उघडणार न्हाय."

ती वळली. तिच्यामागं उरलेली आठ घरं वळली. वीस लिटर दूध वस्तीत परत आलं.

संध्याकाळी बांधावर दोन माणसं उभी होती. हातात काठ्या. अंधार पडेपर्यंत हलली नाहीत. आईनं म्हैस आत घेतली आणि विचारलं, "आज आपलं दूध न्हाय. उद्या फळ्यावर किती यील?"

"सहा."

पहाटे बघितलं तर दावं कापलेलं. सुरीनं, सरळ. म्हैस दारातच उभी होती. आईनं उरलेल्या दाव्यानं म्हैस बांधली, धार काढली, कापलेला तुकडा आणि किटली उचलली. "चल."

फळ्यावर एकशे ऐंशी लिटर, फॅट सहा; आमच्या दुधाशिवाय सरासरी उतरली होती. सगळी रांग तो आकडा वाचत होती. तात्याची नजर आईच्या हातातल्या दाव्याच्या तुकड्यावर होती. आमच्यासाठी बाटली त्यानं त्या दिवशीही काढली नाही. आईनं झाकणही काढलं नाही. आम्ही रांग सोडली नाही.

आज मी संसारी बाई आहे, दोन मुलींची आई. घरातलं माप माझ्याच हातात असतं. आमच्या नावापुढं कुणी आकडा लिहिला की मी एकच विचारते, मोजला कुणी? न मोजलेला आकडा मी मानणार नाही. तो माझ्या फायद्याचा असला तरी नाही.