वर्लिनच्या दारातलं नारिंगी कार्ड

नारिंगी कार्ड कुणाच्या दारात खोचावं, याला काही धरबंध असावा की नाही? ओहायोतल्या आमच्या हॅडली मिल्स गावात ते लबाडांसाठी असतं. पाल्याच्या ढिगात फांद्या दडपणारे, सडके भोपळे लपवणारे, कुत्र्याची घाण पिशवीसकट कोंबणारे, असल्यांच्या ढिगावर पाला उचलणारे गाडीवाले ते कार्ड खोचतात आणि ढीग तिथंच टाकून पुढे जातात. येणाजाणाऱ्या सगळ्यांना दिसतं. यंदा नोव्हेंबरात ते खोचलं कुणाच्या दारात, तर वर्लिन होक यांच्या. ज्या माणसानं ते कार्ड सुरू केलं, त्याच्याच. माझ्या अंगाचा जो तिळपापड झाला, तो अजून पुरता शांत झालेला नाही.

वर्लिन माझे शेजारी. वय शहात्तर, बोलणं मोजकं, डोक्यावर बारा महिने कानटोपी. त्यांची माझी ओळख झाली तीच पाल्यावरून. एकोणीस वर्षांपूर्वी आम्ही या घरात राहायला आलो. पहिल्याच ऑक्टोबरात मी अंगणातला सगळा पाला मोठ्या उत्साहानं रस्त्याच्या कडेला लोटला आणि कंबर धरून उभी राहिले. हे गृहस्थ शेजारून दाताळं घेऊन आले आणि एक शब्द न बोलता तो सगळा पाला परत वर ओढायला लागले, रस्ता आणि फुटपाथ यांच्यामधल्या गवताच्या पट्टीवर.

"अहो, काय करताय?" मी विचारलं.

"रस्त्यात टाकलास तर पाऊस आला की गटाराच्या जाळीवर जाऊन बसतो. मग पाणी तुझ्या तळघरात. तळघरात काय ठेवलंयस?"

"तांदूळ."

"मग गवतावर टाक."

गवतावर टाकायलाही अडचण होतीच. आमच्या दारासमोर आगीच्या बंबाचा नळ आहे आणि त्याच्या आसपास ढीग घालायला बंदी. त्यावर वर्लिन म्हणाले, "माझ्या दारात टाक. गाडीला काय, एकदाच थांबायचंय." तेव्हापासून दोन्ही घरांचा पाला त्यांच्या दारात एका ढिगात जातो. त्यांचे दोन मेपल, माझा एक, आणि मागच्या ओकचा येईल तो.

एकतीस वर्षं ते गावाच्या पाल्याच्या गाडीवर होते. ही गाडी म्हणजे ट्रकला जोडलेला मोठा पंखा आणि हत्तीच्या सोंडेएवढी नळी. एकजण नळी धरतो, दोघं दाताळ्यानं पाला तिच्या तोंडाशी लोटतात, पंखा तो ओढून, कुटून मागच्या पेटीत फेकतो. गावाचे चार भाग, प्रत्येक भागात मोसमात तीन फेऱ्या. तिसरी फेरी चुकली की झालं, मग बर्फ पडतं आणि पाला वसंतापर्यंत तुमच्या उरावर. ते वेळापत्रकही वर्लिननंच बसवलेलं.

त्यांच्या डाव्या हाताची दोन बोटं त्या पंख्यानं घेतली. कुणीतरी पाल्याखाली कपडे वाळत घालायची तार दडवली होती. ती आत गेली आणि पंख्याला गुंडाळली. यांनी इंजिन बंद करून हात घातला. इंजिन बंद झालं तरी पंखा लगेच थांबत नाही, थोडा वेळ आपला फिरत राहतो. तार कुणाच्या घरातली ते सगळ्यांना ठाऊक होतं, पण घरवाला म्हणाला, ती माझी नव्हेच, कुणीतरी आणून टाकली. त्यावर कुणाला काही करता आलं नाही. महिन्याभरानं वर्लिन पट्टी बांधलेल्या हातानं नगरसभेपुढे उभे राहिले आणि त्यांनी ते कार्ड मंजूर करून घेतलं. कार्डाच्या तळाशी अजून त्यांचंच वाक्य छापलेलं असतं: ढीग ज्याच्या दारात, त्यातली वस्तू त्याची.

गाडी यायच्या दिवशी सकाळी ते स्वतःच्या ढिगात दाताळं उलटं धरून दांडा खुपसत फिरायचे. वीतभर अंतरावर एक टोचा. निवृत्त होऊन दहा वर्षं झाली तरी. मी खिडकीतून चहा पिताना हसायचे. "काय, ताप आहे का ढिगाला?" असं विचारायचे. ते म्हणायचे, "नळी धरणारा कुणाचा तरी पोरगा असतो."

आता सांगा, अशा माणसाच्या ढिगाला कार्ड?

झालं असं. आमच्या भागाची तिसरी फेरी बुधवारी होती. बर्फाचा अंदाज आला म्हणून गावाच्या कचेरीनं ती मंगळवारी ओढली आणि रविवारी सगळ्यांच्या मोबाईलवर निरोप धाडला. मलाही आला. म्हणून सोमवारी मी घाईघाईनं मागचा भाजीचा वाफा साफ केला. थंडीनं टोमॅटो काळे पडले होते. रोपं उपटली, त्यांना आधाराला लावलेले तारेचे पिंजरे काढले, खालचा पाला जुन्या चादरीवर ओढला आणि चार खेपांत वर्लिनच्या ढिगावर नेऊन ओतला.

वर्लिनकडे मोबाईल नाही. मंगळवारी ते डोळे तपासायला शेजारच्या शहरात गेले होते. ढीग बुधवारी टोचू, या हिशेबानं. अकरा वाजता गाडी आली. मी पाच वाजता ग्रंथालयातल्या कामावरून परतले तर गल्ली स्वच्छ, आणि वर्लिनच्या दारात तेवढा तो डोंगर, वर कार्ड, शेजारी वर्लिन उभे.

"काय सापडलं म्हणे?" मी विचारलं.

"तार."

"कसली तार?"

"तारेसारखी तार." ते ढिगाकडे बघत होते. मग म्हणाले, "तुझ्या गराजात टोमॅटोचे पिंजरे किती गं?"

"सहा. का? उन्हाळ्यात हवाय का एखादा?"

"नको. सहज विचारलं."

मी तावातावानं घरात गेले. कुणीतरी जाता जाता टाकली असणार तार. कोपऱ्यावरच्या भाडेकरूंनी टाकली असेल, नाहीतर त्या पलीकडच्या बाईनं, जिची कुंपणाची जाळी गेल्याच महिन्यात बदलली. माझ्या डोक्यात संशयितांची यादी तयार होती. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात, ते हेच.

दुसऱ्या दिवशी मी कचेरीत गेले. खिडकीपाशी डार्ला नावाची बाई असते, तिची नखं लांब आणि उत्तरं आखूड.

"निरोप सगळ्यांना गेला होता," ती म्हणाली.

"त्यांच्याकडे मोबाईल नाही."

"मग शेजाऱ्यांनी सांगायचं ना."

उत्तर द्यायला तोंड उघडलं आणि दुसरंच बोलले. म्हटलं, एकतीस वर्षं ज्यानं तुमच्यासाठी पाला ओढला, त्याला तुम्ही शेजाऱ्यांच्या भरवशावर टाकता? बोटं गेली त्याची तुमच्या नोकरीत. ती म्हणाली, म्हणून तर आम्हालाही नवल वाटलं, इतरांचं समजू शकतो, पण त्यांनी तरी. ते "त्यांनी तरी" मी घरापर्यंत दातांखाली चावत आले. आणि खरं सांगायचं तर निरोप आला तेव्हा मीही तसंच म्हटलं होतं मनात. वर्लिनला काय सांगायचं, त्यांना ठाऊक असणारच, त्यांना तरी.

कार्ड लागलं की सात दिवसांत सगळा ढीग कागदी पिशव्यांत भरून ठेवावा लागतो. पिशव्या जातात गावाबाहेरच्या खताच्या वाडीत. तिथं दोन माणसं त्या हातानं फाडून चक्कीत रिकाम्या करतात. बुधवारी बर्फ पडलं, पाला भिजून शिशासारखा जड झाला. वर्लिन गुडघ्याखाली पोत्याची घडी घेऊन बसले आणि भरायला लागले. फावड्यानं भरावा ना, तसा नाही. मूठमूठ. पाला घ्यायचा, आठ बोटांनी चिवडायचा, मग पिशवीत टाकायचा.

"अहो, असं केलंत तर नाताळ उजाडेल," मी दाताळं घेऊन गेले. "द्या इकडे."

"राहू दे."

"माझाही पाला आहे त्यात."

"राहू दे म्हटलं ना. आत जा, थंडी आहे."

सात दिवस हे चाललं. एक्केचाळीस पिशव्या. जाणारे मोटारीची काच खाली करून टोमणे मारून जायचे. "वर्लिन, पहिलं बक्षीस मिळालं म्हणे." "काय वर्लिन, स्वतःलाच दंड?" ते हात वर करायचे, तीन बोटांचा, आणि पुन्हा खाली मान. मला लोकांचा राग आला, त्याहून जास्त वर्लिनचा आला. माणसानं थोडं तरी भांडावं. एकतीस वर्षांच्या नावाला काळं फासलं गेलं आणि हा माणूस पाला चिवडत बसलाय.

म्हणून मग मीच भांडायचं ठरवलं. डिसेंबरच्या पहिल्या सोमवारी नगरसभा होती. तिथं कुणाही नागरिकाला तीन मिनिटं बोलता येतं. वर्लिन म्हणाले, "जाऊ नकोस." मी म्हटलं, "मी जाणार आणि तुम्हीही येणार. कार्ड मागे घेतलंच पाहिजे त्यांनी, सगळ्यांसमोर." ते माझ्या मोटारीत येऊन बसले, कानटोपी मांडीवर ठेवून.

मी चांगलं बोलले. रात्रीपासून घोकलेलं होतं. फेरी अचानक बदलली, म्हाताऱ्या माणसाला कळवलं नाही, कुणाची तरी घाण त्यांच्या माथी मारली. सभागृहात चाळीसेक माणसं होती, दोनचार जणांनी माना डोलावल्या. मला चेव चढला. "आणि पुरावा काय तुमच्याकडे?" मी म्हटलं. "म्हणे तार. दाखवा ना ती तार."

रस्तेविभागाचा प्रमुख ट्रेंट उभा राहिला. पंचविशीत त्यानं वर्लिनच्याच हाताखाली नळी धरली होती. तो अवघडून म्हणाला, "नको, बाई. कार्ड लागलंय, विषय संपलाय."

"नाही कसा? दाखवा."

त्यानं वर्लिनकडे पाहिलं. वर्लिननी मान हलवली, नको म्हणून. पण अध्यक्षांनी हात केला आणि गाडीवाल्यांनी त्या दिवशी काढलेला फोटो भिंतीवर आला, दाराएवढा मोठा.

टोमॅटोचा पिंजरा होता. चेपलेला, गंजका. आणि त्याच्या मधल्या कड्याला कापडाची पट्टी गाठ मारून बांधलेली होती. माझ्या जुन्या इरकलीचा लाल काठ. ती साडी मी स्वतः फाडली होती, रोपं बांधायला. अख्ख्या ओहायोत दुसऱ्या कुणाकडे तो काठ असेल तर मी नाव बदलीन.

सभागृहात कुणालाच काही कळलं नाही. त्यांच्या लेखी ती एक चिंधी. भिंतीवरचं घड्याळ माझे उरलेले सेकंद दाखवत होतं, एक्कावन्न, पन्नास. वर्लिन मागून उठले.

"ढीग माझ्या दारात होता," ते म्हणाले. "त्यातली वस्तू माझी. बाईंनी उगाच त्रास घेतला. चल, सुलभा."

गप्प राहणं किती सोपं होतं, ते मला त्या क्षणी कळलं. तारवाल्या त्या पहिल्या घरवाल्यालाही असंच सोपं गेलं असेल. मी माइक घट्ट धरला.

"ती तार माझी आहे," मी म्हटलं. "पाल्याबरोबर मीच टाकली. फेरी बदलल्याचा निरोपही मला आला होता, मी त्यांना सांगितला नाही. कार्ड माझ्या नावानं करा."

अध्यक्षांनी चष्मा काढून पुसला. "ढीग कुणाच्या दारात होता?"

"त्यांच्या. पण..."

"मग नियम स्पष्ट आहे. कार्ड राहील." आणि त्यांनी पुढचा विषय पुकारला, वाचनालयाच्या छपराचा.

म्हणजे खोटं बोलून उपयोग झाला नसता आणि खरं बोलूनही झाला नाही. मी तरातरा बाहेर आले. मोटारीत बसल्यावर मला रडू फुटलं, ते शरमेचं होतं की संतापाचं, देव जाणे. वर्लिन शेजारी बसून काचेवरचं बर्फ बघत होते.

"तुम्हाला पहिल्याच दिवशी माहीत होतं," मी म्हटलं.

"मी परतलो तेव्हाच ट्रेंटनं फोटो दाखवला होता. ती लाल पट्टी मी रोज कुंपणावरून बघतो की."

"मग बोलला का नाहीत? सात दिवस हात गोठवत बसलात. मूठमूठ चिवडत."

"आणखी आहेत का बघत होतो. एक गेला तर दोनही गेले असतील. वाडीतली माणसं पिशवी हातानं फाडतात."

घरी पोचल्यावर मी दिवा लावून थेट गराजात गेले. ते दारात उभे राहिले. कोपऱ्यात एकात एक घालून ठेवलेले पिंजरे मी बाहेर काढले, मोजले, पुन्हा मोजले.

"पाच," मी म्हटलं. "पाचच आहेत. होते सहा. म्हणजे तो एकच गेला."

त्यांनी मोठा श्वास सोडला आणि कानटोपी डोक्यावर चढवली.

"मला सरळ विचारलं असतंत तर," मी म्हटलं, "त्याच दिवशी मोजून सांगितलं असतं."

"विचारलं होतं," वर्लिन म्हणाले. "तू सहा म्हणालीस."