जोडाच्या आतली खूण

माझ्या भावाला गल्लीत सगळे ‘कुलूप’ म्हणतात. तोंडावर कोणी म्हणत नाही, पण त्याला माहीत आहे, आणि हे नाव समोरच्या काचवाल्याने पाडलं असा त्याचा गेली दहा वर्षं संशय आहे. नाव मी पाडलं होतं. असो.

दादा खुर्च्या, बाकं, कपाटं करतो. पण त्याला कोणी सुतार म्हटलं की त्याच्या नाकाचा शेंडा लाल होतो, कारण तो शिकला मूर्तिकाम. लाकूड त्याचं. पितळेची पानं, वेली, पाय ओततात ते वहिनीचे धाकटे भाऊ, त्यांना आम्ही सगळे ओतारीच म्हणतो. पॉलिश माझं. दोन खोल्या आणि मागे पत्र्याखाली भट्टी, एवढाच आमचा कारखाना.

एवढ्याशा जागेतही दादा डोळ्यांत तेल घालून पहारा करतो. अर्धवट काम चादरीखाली झाकतो आणि चादरीची कड जिथे येते तिथे जमिनीवर खडूने रेघ मारतो. सकाळी आल्या आल्या आधी रेघ जुळते का ते बघतो, मग चपला काढतो. लाकडाचे उरलेले तुकडेही फेकू देत नाही, न जाणो त्यांवरून कोणाला आकार कळला तर. आणि खूण. जोड चिकटवायच्या आधी आमच्याकडे पाठ करतो आणि खाचेत जाणाऱ्या टोकावर पटाशीने तीन घाव घालतो, मधला तिरका, खाली त्या वर्षाचं साल कोरतो. जोड बसला की ती खूण कोणाला दिसत नाही. नक्कल करणारा बाहेरचं सगळं उचलेल, पण आतलं कुठून आणणार, असं त्याचं म्हणणं. इतकी वर्षं पाठ करून कोरतो, आणि आम्हा दोघांनाही ती खूण तोंडपाठ आहे.

गेल्या वर्षभरात हे फारच वाढलं होतं. पटाशी सापडली नाही की विचारायचा, “कोणी हलवली?” ती त्याच्याच एप्रनच्या खिशात सापडायची. मग विचारायचा, “खिशात कोणी घातली?” मी हसायचे. ओतारी हसायचे नाहीत, आणि तेव्हाच माझ्या मनात पाल चुकचुकली, की या माणसाला हसू का येत नाही?

मग मी त्यांच्यावर नजर ठेवायला लागले. दादा दुपारी जेवून खुर्चीतच डुलक्या काढतो. तेवढ्यात ओतारी चादर हळूच वर करायचे, पातळ कागद कामावर धरून पेन्सिलीने गिरवायचे, कागदाची गुंडाळी करून छत्रीत सरकवायचे आणि चादर खडूच्या रेघेला बरोबर लावून ठेवायचे. हे मी तीनदा पाहिलं. कोरड्या हवेत रोज छत्री आणणारा माणूस, म्हणजे कुठेतरी पाणी मुरतंय, हे कळायला मला कोणी शिकवायला नको. तरी गप्प बसले, कारण वहिनीचा भाऊ.

एका सकाळी दादा दाढ काढायला गेला आणि दाढ तशीच घेऊन परत आला. सोबत हातगाडीवर एक खुर्ची. दातांच्या डॉक्टरांच्या बाहेरच्या खोलीत त्याला ती दिसली होती. त्याने तिथल्या तिथे, बसलेल्या पेशंटला उठवून, ती उलटी केली. पाठीचा बाक, पितळेच्या पानांचे हात, सगळं हुबेहूब त्याच्या हातचं. डॉक्टरांनी ती जुन्या सामानाच्या दुकानातून घेतलेली. पाय हलतोय, दुरुस्त करून देतो, अशी थाप मारून दादाने ती उचलून आणली.

“ही मी केलेली नाही,” दादा म्हणाला. “माझं एकही काम मी विसरत नाही. ही नक्कल आहे. आणि माझी पानं ओतणारा माणूस जगात एकच आहे.”

ओतारींनी खुर्चीकडे पाहिलं, मग जमिनीकडे. बोलले काहीच नाहीत. निर्दोष माणूस असा गप्प बसतो का? माझा राग अनावर झाला आणि मी छत्रीतल्या कागदांचं सगळं सांगून टाकलं. काडी मी लावली, हे कबूल करते.

दादाचा आवाज अगदी बारीक झाला. “जोड उघडू. आत माझी खूण नसेल तर नक्कल. आणि नक्कल असेल तर तू उद्यापासून या दारात पाय ठेवायचा नाहीस.”

“नका उघडू, दाजी,” ओतारी म्हणाले. “घट्ट बसलाय जोड. मला जायला सांगा, मी जातो. उघडू मात्र नका.”

झालं, मला आणखी पुरावा नको होता.

वहिनी डबा घेऊन आली ती नेमकी तेव्हा. तिला सगळं सांगितलं. डबा तिने खाली ठेवला आणि शांतपणे म्हणाली, “सव्वीस वर्षं तो तुमच्या भट्टीत भाजतोय. तो गेला तर मीही त्याच्यासोबत जाईन. आता हवं तेवढं उघडा.”

दादाने पाणी तापवायला सांगितलं. फडकी गरम पाण्यात बुडवून तो मागच्या पायाच्या जोडाला गुंडाळत राहिला. तास गेला. सरस सुटला तसा त्याने लाकडी हातोडीने हलके टोले दिले आणि पाय ओढून बाहेर काढला.

टोकावर तीन घाव होते, मधला तिरका. खाली साल, सव्वीस वर्षांपूर्वीचं.

मी तेव्हा कारखान्यात नव्हते, सहा वर्षांनी आले. मला ती खुर्ची ओळखू येण्याचं कारण नव्हतं. दादाला होतं.

त्याने तो पाय उजेडात नेला, अंगठ्याने घाव चाचपले. आणि माझा भाऊ काय म्हणाला असेल? “कोणीतरी माझी खूणसुद्धा चोरली.”

कोणी हसलं नाही. ओतारी पुढे झाले, खुर्चीचा उजवा हात त्यांनी वर केला आणि खालच्या बाजूच्या एका पितळी पानावर बोट ठेवलं. पानाला बारीक भोक होतं, ओतताना बुडबुडा राहिला की पडतं तसं. “हे मी तुमच्याकडे ओतलेलं पहिलं पान, दाजी. मी वितळवून परत ओततो म्हणालो होतो. तुम्ही म्हणालात, राहू दे, किडीने खाल्लेलं दिसतंय, खऱ्या पानाला कीड लागतेच.”

दादा त्या भोकाकडे बघत राहिला. आठवायचा प्रयत्न करतोय हे त्याच्या चेहऱ्यावर दिसत होतं, आणि काही सापडत नाही हेही दिसत होतं. मग त्याने विचारलं, “तुला पाहिल्या पाहिल्याच कळलं होतं?”

“हो.”

“मग बोलला का नाहीस?”

“बोललो असतो तर तुम्हाला कळलं असतं,” ओतारी म्हणाले.

वहिनीने तोंड फिरवलं. तिलाही ठाऊक होतं, तेव्हा माझ्या लक्षात आलं. ठाऊक नव्हतं ते फक्त आम्हा दोघा बहीणभावांना, चोर पकडायला निघालेल्यांना.

छत्री कोपऱ्यात होती. मी न विचारता उघडली आणि गुंडाळी काढली. बारा-पंधरा कागद निघाले, प्रत्येकावर चादरीखालच्या कपाटाचा एकेक भाग. जोडांना आकडे घातलेले, कोणता आधी, कोणता नंतर. एका कागदावर लिहिलेलं, ‘पितळेची पट्टी दोनदा बसवून दोनदा काढली, याआधी कप्पा हवा.’ शेवटच्या कागदाच्या तळाशी, ओतारींच्या त्या वाकड्यातिकड्या अक्षरात होतं, ‘दाजींनी विचारलं तर सांगायचं. नाही विचारलं तर त्यांच्या हाताशी येईल असा तो तुकडा ठेवून द्यायचा.’

मला इतकी लाज वाटली की ते कागद परत गुंडाळता येईनात. ओतारींनीच माझ्या हातातून घेतले आणि म्हणाले, “ताई, तुमचंही चुकलं नाही. दिसायला चोरीसारखंच दिसत होतं.” यापेक्षा त्यांनी मला चार शब्द सुनावले असते तर बरं झालं असतं.

खुर्चीचा जोड दादाने परत चिकटवला. वहिनीचा डबा त्या दिवशी तसाच राहिला.

दुसऱ्या दिवशी मी आले तेव्हा तो कपाटासमोर उभा होता. चादर काढलेली होती. त्याने आपल्या हाताने काढली असावी, कारण खडूची रेघही पुसलेली होती. एका हातात पितळेची पट्टी, दुसऱ्यात कप्प्याची फळी. बराच वेळ तसाच होता. आता ‘कोणी हलवलं’ येणार म्हणून मी ब्रश खाली ठेवून वाट बघत राहिले. मागे भट्टी पेटवायचा आवाज येत होता.

दादाने मान वळवून हाक मारली, “ओतारी, इथे आधी काय बसतं?”

भट्टीचा आवाज थांबला. ओतारी हात पुसत आत आले आणि म्हणाले, “कप्पा, दाजी.”