जोडकाकांचा झटका

आगगाडीच्या यार्डात डबे एकमेकांना जोडण्यात ज्यांची उभी हयात गेली, त्यांना गल्लीनं जोडकाका म्हणावं यात नवल ते काय! डबा डब्याला भिडला, कपलिंग अडकलं, की काका इंजिनवाल्याला हात करायचे, "जरा ओढ!" झटका बसूनही सांधा टिकला, तरच तो सांधा. नुसत्या दिसण्यावर काकांचा काडीचा विश्वास नव्हता.

यार्डात हे ठीक होतं. पण स्वभावाला औषध नाही. काकूंनी शर्टाला बटण लावलं की काका ते ओढून बघायचे आणि हातात आलं की वर काकूंनाच ऐकवायचे, "बघ, कच्चं होतं!" नव्या कपाटाचं दार असंच निखळलं. काकूंनी कपाळावर हात मारून घेणंही आता सोडलं होतं.

लेकीचं लग्न ठरायची वेळ आली, तेव्हा मात्र काकूंनी बजावलं, "आज तोंडातून काही वेडंवाकडं काढू नका." मुलगा लेकीनंच पसंत केलेला. त्याचे आईवडील आले, बोलणी सुरळीत झाली, तारीखसुद्धा ठरली. चहा आला आणि काकांना राहवेना.

"मी काय म्हणतो," ते शांतपणे म्हणाले, "मोडून टाकूया का हे?"

काकूंनी हातातला ट्रे तसाच खाली ठेवला. मुलाची आई ताडकन उठली, वडील चपला शोधू लागले. लेक पांढरीफटक पडली. मुलगा तेवढा जागचा हलला नाही. "तुम्ही व्हा पुढे," तो आईला म्हणाला, "मी लग्न ठरवूनच येतो."

"पक्का आहे, पक्का!" काका आनंदानं ओरडले. मग बिचाऱ्या काकू बराच वेळ व्याह्यांना यार्डाची रीत समजावत बसल्या. वडील आधी हसले, आई सावकाश.

पाहुणे गेल्यावर लेक कडाडली, "जीव गेला असता माझा! जोडताना झटका देता, मग सोडताना काय करता हो बाबा?"

काका सवयीनं सांगू लागले, "सोडताना झटका नाही द्यायचा. ताण असला तर कपलिंग निघत नाही. आधी डबा आणखी जवळ आणायचा, अगदी टेकवायचा. सैल पडलं, की मग..."

बोलता बोलता काकांची नजर सासरी निघालेल्या लेकीवर गेली. लेकीचा राग कुठल्या कुठे पळाला. ती येऊन त्यांना खेटून बसली. काकांनी तिचा हात घट्ट धरला. हा सांधा मात्र ओढून बघायची त्यांची छाती झाली नाही.