मस्टरताईंची बारावी चिठ्ठी

कुलपांच्या कारखान्यात मस्टरताईंना खऱ्या नावानं हाक मारणारं कोणी उरलं नव्हतं. एकतीस वर्षांपूर्वी त्या हजेरी कारकून म्हणून लागल्या, पहिल्याच आठवड्यात कोणीतरी त्यांना मस्टरताई म्हटलं आणि ते नाव चिकटलं ते चिकटलंच. पुढे त्यांच्या दारावर 'मनुष्यबळ विभाग' अशी पाटी लागली. विभागात त्या एकट्याच होत्या. पाटी पुसायचं कामही त्यांच्याकडेच होतं.

हजेरी घ्यायची त्यांची रीत निराळी होती. नाव पुकारायचं आणि 'हजर' ऐकून पुढे जायचं, यावर त्यांचा काडीचा विश्वास नव्हता. 'हजर' काय, भिंतसुद्धा म्हणेल, असं त्यांचं मत. त्या सकाळी फाटकाशी उभ्या राहून एकेकाचं तोंड बघत, आणि कोणी दिसलं नाही तर त्याच्याबरोबर डबा खाणाऱ्याला गाठत. जो ज्याच्याबरोबर जेवतो त्याला त्याचा ठावठिकाणा ठाऊक असतो, हा त्यांचा सिद्धांत. तो एवढ्या वर्षांत एकदाही खोटा ठरला नव्हता.

खोड एकच. मोजताना त्या स्वतःला विसरायच्या. लेक-जावई जेवायला आले की ताटं तीनच मांडली जायची. त्यांचा नवरा शाळेच्या प्रयोगशाळेत जन्मभर काचेच्या नळ्या मोजलेला माणूस. तो उठायचा आणि चौथं ताट घेऊन यायचा. आमच्याकडे घरच्या बाईला रोज उपास असतो, असं जावयाला सांगायचा.

असा हा कारखाना आता बंद होणार होता. मालक थकले होते, त्यांची मुलं परगावी रमली होती, आणि लोक दाराला कुलूप घालायचं सोडून भिंतीवरचे आकडे दाबायला लागले होते. महिनाअखेरीला फाटक कायमचं लागायचं होतं. आत माणसं उरली होती अकरा, मस्टरताई धरून बारा. या अकरा जणांची सोय लागल्याशिवाय मी फाटक लावू देणार नाही, असं ताईंनी मालकांना स्पष्ट सांगितलं. मालकांनी डोकं खाजवलं, खण उघडला आणि एक निमंत्रण काढून त्यांच्यापुढे सरकवलं. मनुष्यबळ अधिकाऱ्यांचं संमेलन, दोन दिवस, चक्क बोटीवर. त्यात एकमेकांच्या ओळखी करून घेणं हाच मुख्य कार्यक्रम. माझे गुडघे जिने चढायला नाही म्हणतात, तुम्हीच जा, असं मालक म्हणाले. कंपन्यांची एवढी माणसं एका ठिकाणी सापडतील आणि समुद्रात असल्यामुळे एकालाही तुमच्यापासून पळून जाता येणार नाही, हेही त्यांनी वर सांगितलं.

ताईंनी कधी बोट पाहिली नव्हती. पण अकरा माणसांचा प्रश्न होता, तेव्हा त्या तयारीला लागल्या. कुलपांच्या शिल्लक खोक्यांचा पुठ्ठा कापून त्यांनी अकरा चिठ्ठ्या केल्या. एकेकीवर माणसाचं नाव, काम, आणि खाली एक ओळ, जी कुठल्याही अर्जात सापडली नसती. पॉलिशवाल्या वहिनींच्या चिठ्ठीवर होतं, 'एकोणीस वर्षांत एक खाडा, तोही स्वतःच्या लग्नाचा.' पहारेकऱ्याच्या चिठ्ठीवर, 'कुत्र्यांना भितो, चोरांना भीत नाही.' खोकी भरणाऱ्या जुळ्या भावांच्या दोन चिठ्ठ्या एकमेकींना टाचल्या होत्या. वरच्या चिठ्ठीवर लिहिलं होतं, 'दोघांना एकत्र ठेवा. वेगळे केलेत तर दोघंही निम्मे.'

सगळ्यात अवघड होते कानसकाका. एकसष्ट वर्षांचे, कुलपाचे भाग कानशीनं घासून जुळवणारे, आणि जिभेलाही तशीच धार. त्यांची चिठ्ठी ताईंनी तीनदा लिहिली. शेवटी ठरलं ते असं. 'कुलूप कानाशी धरून बिघाड सांगतात. रागीट आहेत, पण राग चहापर्यंतच टिकतो.'

नवऱ्यानं चिठ्ठ्या मोजल्या. जन्माची सवय.

"यात तुझी कुठे आहे?"

"माझं बघू नंतर," ताई म्हणाल्या आणि बॅगेची चेन ओढली.

खरं सांगायचं तर त्या घाबरल्या होत्या. चौपन्नाव्या वर्षी, एकाच फाटकाशी उभं राहिलेल्या बाईला कोण घेणार? अकरा जणांच्या काळजीत एवढं एक सुख होतं, की तिच्याआड स्वतःची काळजी दडवता येत होती.

बोट पाहून मात्र ताईंचं भान हरपलं. पाण्यावर ही एवढी सात मजली इमारत, आत गालिचे, जिने, आरसे. आरसे तर इतके की एका वळणावर त्यांनी समोरून येणाऱ्या बाईला वाट करून दिली आणि मग ती बाई आपणच आहोत हे त्यांच्या लक्षात आलं. खोलीत सोबतीला एका मोठ्या रुग्णालयाची मनुष्यबळ प्रमुख होती. पस्तिशीची, चटपटीत, दोन्ही हातांत दोन फोन. ताईंनी मनातल्या मनात तिचं नाव दोनफोनवाली ठेवलं. तिनं ताईंना मॅडम म्हटलं, त्यांचं व्हिजिटिंग कार्ड मागितलं, आणि कार्डच नाही हे ऐकून तिला इतकं वाईट वाटलं की जणू ताईंची बॅगच हरवली होती. इथे कार्डाशिवाय माणसाला कोणी विचारत नाही हो, असं तिनं समजावलं. मग तिच्या फोनांपैकी एक वाजला आणि पाठोपाठ दुसरा.

बोट सुटण्याआधी एक कवायत सक्तीची होती. भोंगा झाला की नेमलेल्या जागी जमायचं, केशरी जाकीट घालायचं, हजेरी द्यायची. हजेरी पूर्ण जुळल्याशिवाय बोट हलणार नाही. ताईंच्या गटात अठ्ठेचाळीस नावं होती. झाडून सगळे मनुष्यबळवाले. पाच मिनिटं उशीर झाला म्हणून कामगाराचा अर्धा दिवस कापणारी ही मंडळी भोंगा होऊन वीस मिनिटं झाली तरी रमतगमत येत होती.

पांढऱ्या गणवेशातल्या सुरक्षा अधिकाऱ्यानं यादी वाचली. प्रत्येक नावाला खणखणीत 'हजर' आला. अठ्ठेचाळीसच्या अठ्ठेचाळीस. मग त्यानं डोकी मोजली. भरली एक्केचाळीस.

ताईंना हसू आवरेना. जगातली जुनी लबाडी इथेही होती. वर चहाच्या टेबलाशी रेंगाळलेल्या सहकाऱ्यांसाठी ही साहेब मंडळी खाली खुशाल 'हजर' म्हणत होती. लोका सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण. अधिकाऱ्यानं पुन्हा यादी वाचली, पुन्हा अठ्ठेचाळीस हजर, पुन्हा एक्केचाळीस डोकी. त्याचे कान लाल झाले. ताईंना त्याची कीव आली. त्या पुढे झाल्या आणि म्हणाल्या, यादी जरा इकडे द्या बघू.

त्यांनी एकही नाव पुकारलं नाही. रांगेतून जात त्यांनी प्रत्येकाला एवढंच विचारलं, मघाशी चहा कोणाबरोबर घेतलात? आणि तो माणूस आता कुठे आहे? या प्रश्नाला 'हजर' म्हणून सुटका नसते. माणसं चाचरली, हसली, आणि भराभर ठावठिकाणे सांगू लागली. पाच जण वरच्या मजल्यावर बिस्किटांपाशी. एक बाई पायातलं पैंजण शोधत खोलीत. एक गृहस्थ चुकून दुसऱ्याच गटात उभे. दहा मिनिटांत सगळे गोळा झाले.

ताईंनी डोकी मोजली. सत्तेचाळीस.

परत मोजली. सत्तेचाळीस. अधिकाऱ्याच्या कपाळाला घाम आला. एक माणूस कमी म्हणजे सगळी बोट धुंडाळायची, प्रत्येक खोली उघडायची. कुजबुज सुरू झाली. एकानं तर कठड्यावरून खाली पाण्यात डोकावून पाहिलं. ताईंनी तिसऱ्यांदा बोट एकेकाकडे रोखत, ओठ हलवत मोजलं, आणि तिसऱ्यांदाही सत्तेचाळीसच आले. हातातली यादी चुरगळायला लागली होती. एकतीस वर्षांत असं झालं नव्हतं.

"ताई," मागून दोनफोनवाली म्हणाली, "तुम्ही कितव्या?"

मग असा हशा पिकला की वरच्या गटातले लोक वाकून बघू लागले. काखेत कळसा आणि गावाला वळसा. ताईंना जाकिटात तोंड लपवावंसं वाटलं, पण जाकीट इतकं फुगलेलं होतं की त्यात मानही वळत नव्हती, मग त्याही हसत सुटल्या. अधिकाऱ्यानं त्यांना कडक सलाम ठोकला आणि बोट सुटली.

त्या एका फजितीनं जे केलं ते शंभर कार्डांनी केलं नसतं. संध्याकाळपर्यंत जो तो विचारत होता, हजेरी घेणाऱ्या त्या ताई कुठल्या?

दुसऱ्या दिवशी सकाळी ओळखीचा कार्यक्रम झाला. लांब दिवाणखान्यात समोरासमोर खुर्च्या, तीन मिनिटं बोलायचं, घंटा झाली की पुढच्या खुर्चीवर. सगळे आपापल्याबद्दल घाईघाईनं बोलत होते. ताईंच्या पुढे जो बसेल त्याला मात्र स्वतःची ओळख सोडून भलत्याच माणसाची ओळख होत होती. तुमच्याकडे बोलकी माणसं लागतात की मुकी? असं विचारून त्या चिठ्ठ्यांचा गठ्ठा पिसत आणि नेमकी एक काढत. दोष आधी सांगत. लोकांना ते नवीन होतं. कष्टाळू, प्रामाणिक, गटात मिसळणारा, असे अर्ज वाचून विटलेल्या त्या मंडळींना 'कुत्र्यांना भितो' वाचून बरं वाटत होतं. पहारेकरी एका पुस्तकांच्या गोदामानं घेतला. जुळ्यांना काचसामान पाठवणाऱ्या कंपनीनं एकत्र मागितलं. पॉलिशवाल्या वहिनींसाठी तर दोघं भांडले. जेवणाच्या सुट्टीपर्यंत ताईंच्या हातात एकच चिठ्ठी राहिली होती, कानसकाकांची.

ती कोणी घेईना. लोक वय विचारायचे, ओळ वाचून हसायचे, आणि चिठ्ठी हलकेच परत ठेवायचे. बोट किनाऱ्याला लागायला तासभर उरला. ताई डेकवरच्या बाकावर ती एक चिठ्ठी धरून बसल्या होत्या. त्यांना वाटलं, ही परत नेली तर काका काही बोलणार नाहीत, आणि तेच जास्त वाईट असेल.

दोनफोनवाली शेजारी येऊन बसली. दोन्ही फोनांची रेंज गेली होती, त्यामुळे तिचे हात मोकळे होते. तिनं चिठ्ठी वाचली.

"हे खरं आहे? कानाशी धरून सांगतात?"

"अगं, डोळे मिटून सांगतात."

रुग्णालयात औषधांच्या कपाटांना नऊशे कुलपं आहेत, ती म्हणाली. रोज त्यातलं एखादं अडतं, रोज एखादी परिचारिका कपाटाला लाथ घालते, आणि बाहेरचा माणूस यायला दोन दिवस लावतो. रागीट असले तरी चालेल, आमच्याकडे चहा दर तासाला असतो. तिनं चिठ्ठी पर्समध्ये ठेवली. ताईंना एकदम रडू आलं. त्यांनी ते समुद्राच्या वाऱ्यावर ढकललं आणि नाक पुसलं.

"आता बारावी द्या," दोनफोनवाली म्हणाली.

"अकराच होत्या."

"कालही तुम्ही सत्तेचाळीसच म्हणत होतात."

ती बोलत राहिली. रुग्णालयात तीन पाळ्या, बाराशे माणसं. यंत्रावर बोट टेकवून सगळे हजर असतात आणि वॉर्डात कोणी नसतं. कोण कोणाबरोबर चहा घेतं हे विचारणारं माणूस मला हवंय, ती म्हणाली, आणि पर्समधून एक कोरा कागद काढून तिनं ताईंच्या मांडीवर ठेवला. रीतसर हवं, तुमच्याच पद्धतीनं, खाली ओळ पण हवी.

ताईंनी नाव लिहिलं. कित्येक वर्षांनी पूर्ण लिहिलं. त्याखाली काम लिहिलं. मग पेन थांबलं. अकरा जणांच्या ओळी त्यांनी एका संध्याकाळी लिहिल्या होत्या, आणि आता स्वतःबद्दल एक वाक्य सुचत नव्हतं. मी कशी आहे? त्यांनी स्वतःलाच विचारून पाहिलं. आपण आपल्याबरोबर कधी डबा खाल्लेला नाही, म्हणून आपल्याला माहीत नाही, एवढंच त्यांना कळलं.

दोनफोनवालीनं पेन त्यांच्या हातातून घेतलं आणि ओळ लिहिली.

'मोजताना स्वतःला विसरतात. दुसऱ्या कोणालाही विसरत नाहीत.'

घरी आल्यावर नवऱ्यानं आधी बाराव्या चिठ्ठीची नक्कल वाचली, मग चष्मा पुसून परत वाचली. या बाईनं तुला दोन दिवसांत कसं ओळखलं, असं काहीतरी तो पुटपुटला. लेक-जावयाला जेवायला बोलावणं गेलं. ताई बोटीच्या गोष्टी सांगत सांगत पानं मांडत होत्या, कानसकाकांनी बातमी ऐकून कसं तोंड फिरवलं आणि मग चहाचे दोन कप कसे मागितले तेही सांगत होत्या. सगळे येऊन बसले.

ताटं तीन होती. नवरा उठायला लागला.

"बसा तुम्ही," ताई म्हणाल्या, आणि चौथं ताट आणायला स्वतः आत गेल्या.