हृदयातला नळीचा तुकडा

"हिच्या हृदयात नळीचा तुकडा अडकलाय," मुंबईचे डॉक्टर एक्स-रे उजेडापुढं धरून म्हणाले. सांगितलं माझ्या सासऱ्यांना. हृदय माझं होतं.

सुरुवात हगवणीनं झाली. अंगातलं पाणी गेलं म्हणून वसमतच्या एका दवाखान्यात सलाईन लावलं. दंडाच्या शिरेत सुईतून प्लॅस्टिकची लांब नळी घातली. तिला कॅथेटर म्हणतात. नळी अडली म्हणून मागं ओढली, तेव्हा ती सुईच्या धारेनं आतच कापली गेली. बाहेर आलेली नळी आखूड होती. मी नर्सबाईंना तसं म्हटलं.

"गुमान झोपा. नळी मोजाया आलाव का?"

कुरुंद्याला घरी आले, पण ताप हटेना, छाती धडधडायची. हळद शिजवायचे दिवस. माझ्या नवऱ्याला कढईपासून हलता येईना, म्हणून मामंजी, म्हणजे सासरेच, मला दवाखाने दाखवत फिरले. आमच्यात सून सासऱ्यासमोर बोलत नाही. डॉक्टरांनी मला विचारलं की मी पदर ओढून खाली बघायची आणि मामंजी सांगायचे, "ताप हाय. बाकी काई तकलीफ न्हाई."

गोळ्या घ्या, घरी जा. पुन्हा त्याच गोळ्या. मामंजी वाईट नव्हते. एस.टी.त मला बसवून स्वतः उभे राहायचे. पण माझं दुखणं मलाच सांगता येत नव्हतं, याची फार चीड यायची. बायांनो, ज्यांच्यासमोर बोलवत नाही त्यांना बाहेर बसवा, पण आपलं आपणच सांगा.

शेवटी ताप हटेना म्हणून मामंजींनी मला मुंबईला नेलं आणि शिरेतून वाहत हृदयात गेलेला तुकडा तिथल्या एक्स-रेत दिसला. डॉक्टर म्हणाले, "जांघेतल्या शिरेतून तारेचा फास वर नेऊ आणि तुकडा पकडून ओढू. पद्धत नवी आहे. नाही जमलं तर छाती उघडावी लागेल."

"जांघंतून? न्हाई साहेब, लेकीबाळीची अब्रू हाय. छातीच उघडा."

माझा जीव जायची वेळ आणि मामंजींना छाती फाडलेली चालत होती!

"मामंजी, तारेनंच काढू द्या," मी म्हटलं.

त्यांच्यासमोर मी पहिल्यांदाच तोंड उघडलं होतं. मग मामंजी डॉक्टरांना म्हणाले, "आता तिलाच इचारा."

जागा बधिर केली. एक्स-रे चालू ठेवून डॉक्टर पडद्यावर आतली तार बघत होते. त्याला फ्लुरोस्कोपी म्हणतात. फास निसटला, पुन्हा निसटला. मी दात आवळून पडले होते. शेवटी तुकडा निघाला. पुढं तापही गेला. त्या डॉक्टरांचे उपकार मी विसरणार नाही.

नंतर तपासणीला गेलो. डॉक्टरांनी विचारलं, "आता कसं आहे?" मामंजी उठले.

"मी भाईर बसतो. तिचं ती सांगंल."

मला काहीच होत नव्हतं. तरी मी पुष्कळ बोलले.