एस्तेरबाईंच्या चुका

बायका आता रब्बाय, म्हणजे धर्मगुरू, होतात, मुलांना धर्म शिकवतात, प्रार्थना चालवतात, हे ऐकून आमच्या बेने इस्राएल, म्हणजे कोकणातल्या ज्यू, समाजातल्या म्हाताऱ्या तोंडात बोटं घालतात. मी नाही घालत. साठच्या दशकात मी दुबईत वाढले आणि तिथं आमच्या एस्तेरबाई होत्या. त्यांना रब्बाय कुणी म्हटलं नाही. म्हटलं असतं तर हसून हसून खुर्चीवरून पडल्या असत्या.

एस्तेरबाई रेवदंड्याच्या, पेशानं नर्स. वडिलांची नजर गेली तेव्हा त्यांना धर्मग्रंथ वाचून दाखवता दाखवता हिब्रू शिकल्या. दुबईच्या देरा भागात आमची घरं अगदी थोडी. प्रार्थनेला मशीद नव्हती (आमच्या प्रार्थनामंदिराला आम्ही मशीदच म्हणतो), प्रार्थना सांगणारा हज्जान नव्हता. शुक्रवारी गावाला सुट्टी असे, तेव्हा सकाळीच बाई दारोदार हाका मारत फिरायच्या, "यल्ला, उठा! देवानं बोलावलंय, मी नाही."

त्यांची शिकवण्याची तऱ्हा और होती. त्या मुद्दाम चुकायच्या. "मग नोहानं तारवात दोन हत्ती घेतले, दोन उंट घेतले, दोन पापलेटं घेतली..." की आम्ही किंचाळायचो, "चूक! मासे कशाला बुडतायत?" चूक पकडणाऱ्यानं हात पुढे करायचा, बाई त्यावर खजूर ठेवायच्या. प्रार्थनेतही तेच, एखादी ओळ हळूच गाळायच्या आणि साळसूदपणे पुढे जायच्या. शेजारच्या हमीदाचाची श्रीवर्धनच्या. त्यांची मुलंही खजुरासाठी हजर. मूसा नबींची, म्हणजे आमच्या मोशेची, गोष्ट निघाली की त्यांचाच आवाज मोठा. चाची भिंतीपलीकडून ओरडायच्या, "एस्तेर, किती गो खोटं बोलशील!"

"बरोबर सांगितलं की झोपतात मेले," बाई म्हणायच्या. "चुकलं की कान उभे!"

एका वर्षी अलिबागहून आजोबा बोटीनं आले, ते मला घेऊन जायलाच. "पोरगी इथं काय शिकणार? वाळू चाळायला? म्हणे बाईमाणूस प्रार्थना शिकवते! ते काही नाही, खलास. ती आता आमच्याकडे राहील." 'विषय संपला' अशा अर्थाचं हे अरबांचं खलास त्यांनी बोटीवरच उचललं होतं. बाबा त्यांच्यापुढे बोलत नसत. आई स्वयंपाकघरात डोळे पुसायची. मला आईला सोडून कुठंही जायचं नव्हतं.

त्या शुक्रवारी संध्याकाळी आईनं बाईंना जेवायला बोलावलं. दिवे लागले, काळ्या मनुकांचं सरबत प्याल्यात ओतलं. शब्बाथ, आमचा विसाव्याचा दिवस, सुरू झाला. त्याचा किद्दुश, म्हणजे प्याला हातात घेऊन म्हणायचे आशीर्वाद, म्हणायला आजोबा उभे राहिले. प्रवासाचा शीण होता की उकाडा, कोण जाणे. द्राक्षफळाचा छोटा आशीर्वाद तेवढा म्हटला आणि त्यांनी प्याला सरळ ओठांकडे नेला.

"चूक!" मी ओरडले. वर हातही पसरला.

मेले! मला धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं. बाबांचा चेहरा पांढराफटक. बाई खाली मान घालून बसल्या होत्या, पण खांदे गदगदत होते.

"काय चुकलं?" आजोबांनी विचारलं.

"त्याच्यानंतरचा मोठा आशीर्वाद राहिला."

"म्हण बघू."

मी म्हटला. अख्खा, एका दमात. आजोबांनी प्याला खाली ठेवला.

"आणि हा हात कशाला पसरलास?"

"खजूर."

आधी बाई फुटल्या, मग आई, मग सगळेच. आजोबा तर ठसका लागेपर्यंत हसले. "अगं, जन्म गेला माझा किद्दुश म्हणण्यात, पण मला टोकायची कुणाची टाप नव्हती!" ताटलीतला सगळ्यात मोठा खजूर निवडून त्यांनी माझ्या हातावर ठेवला. मला नेण्याची गोष्ट पुन्हा काढली नाही. आठवडाभर मात्र बाईंना दिसेल तिथं गाठून विचारत राहिले, हे कसं शिकवता, ते कसं शिकवता.

पुढच्या शुक्रवारी त्यांची एकट्याची ट्रंक दाराशी होती. सरबताचा प्याला त्यांनी उचलला आणि एस्तेरबाईंपुढे धरला.

"बाई, आज तुम्ही म्हणा."

"अहो आजोबा, पुरुष बसलेत की!"

"बसू देत. मीपण बसतो." आणि खरंच बसले.

बाईंनी पदरानं डोळे पुसले, प्याला दोन्ही हातांत घेतला आणि उभ्या राहिल्या. आवाज आधी कापला, मग घरभर भरून राहिला. इतकी सुंदर प्रार्थना मी नंतर मोठमोठ्या मशिदींतही ऐकली नाही. शेवटी सगळ्यांत मोठ्यानं आमेन म्हटलं ते आजोबांनी.