बर्कचं जेवण आणि हनीफभाईंची सुट्टी

माणसांच्या दवाखान्यात पेशंट बोलतो, म्हणून तिथे केस पेपर तयार होतात. आमच्याकडे पेशंट बोलत नाही, त्यामुळे त्याच्याभोवतीचे सगळेच बोलतात आणि किस्से तयार होतात! मी जनावरांची डॉक्टर. अल ऐनच्या बाहेर, वाळूच्या कडेला, एका अरब मालकांचे सलुकी सांभाळते. सलुकी म्हणजे लांब पायांचे, चिंचोळ्या तोंडाचे शिकारी कुत्रे. थंडीत मालक परवाना काढून राखीव रानात कॅम्प लावतात, तेव्हा यांनी सशामागे वाऱ्यासारखं पळायचं. बाकी वर्षभर यांना काय घालायचं, किती घालायचं, कधी घालायचं, याची काळजी माझी.

यंदाच्या थंडीत मात्र माझा पाय एका जागी ठरेना. कारण आमचे हनीफभाई. रत्नागिरीकडचे, केनेलमध्ये कुत्रे सांभाळणाऱ्यांत सगळ्यांत जुने. मुलीचा निकाह ठरलेला आणि सुट्टी अडकलेली. अडवली होती बर्कनं. बर्क हा आमचा सगळ्यांत वेगवान कुत्रा, आणि तो हनीफभाईंशिवाय कुणाकडून जेवत नाही! आमच्या मॅनेजरना, म्हणजे मुदीरना, सगळे घाबरतात. हिंदी ते आमच्याकडूनच शिकले, त्यामुळे जशी आमची तशीच त्यांची. त्यांनी एका वाक्यात निकाल दिला, "बर्क दुसरे का हाथ से खाएगा, हनीफ जाएगा. नहीं खाएगा, खलास!"

* * *

त्याच धांदलीत बर दुबईहून माझ्या वहिनी आल्या. सलुकीच्या बरगड्या दिसतात, कमरेची हाडं दिसतात. तब्येतीत असलेला पळणारा कुत्रा असाच असतो. पण वहिनींनी कुंपणातून पाहिलं आणि त्यांचा चेहराच उतरला. "अगं, उपाशी ठेवतेस की काय या लेकरांना?"

मी समजावलं. त्यांनी मान डोलावली. मी फोन घ्यायला आत गेले तेवढ्यात त्यांनी पर्समधला डबा उघडून एका कुत्रीला बेसनाचे लाडू चारले. बेदाणे घातलेले!

बेदाणे कुत्र्याला विष. मी धावत आले, कुत्रीला उलटी होण्याचं औषध दिलं आणि बाहेर आलेला एकेक बेदाणा काडीनं बाजूला काढत बसले. वहिनी कमरेवर हात ठेवून शेजारी उभ्या. म्हणाल्या, "माझ्या लाडवांची एवढी तपासणी सासूबाईंनीसुद्धा केली नव्हती!"

कुत्री ठणठणीत राहिली. वहिनी मात्र अजून माझ्याशी जरा बेतानंच बोलतात.

* * *

मग एक सेल्समन आला. टाय, टॅब आणि परदेशी कोरड्या खाद्याची गोणी. मी म्हटलं, बघू या, बर्कला हे आवडलं तर कुणीही घालू शकेल. बुडत्याला काहीही चालतं.

त्यानं बशीत दाणे ओतले. बर्कनं हुंगले आणि वाळूकडे बघत बसला. सेल्समन इरेला पेटला. "मॅडम, ह्यूमन ग्रेड आहे!" म्हणत त्यानं स्वतःच मूठभर तोंडात टाकले, कुडूमकुडूम चावले आणि हसून दाखवलं.

हनीफभाईंनी शांतपणे गोणी उचलली. "साहेब, आवडलं ना तुम्हाला? मग तुमच्याच गाडीत ठेवतो!"

* * *

आमच्याकडे दोन पातेली चढतात. एक कामगारांच्या मेसचं, एक कुत्र्यांचं. कुत्र्यांच्या पातेल्यात उंटाचं मांस, भात, भोपळा. मीठ नाही, मिरची नाही, कांदा तर मुळीच नाही. एका दुपारी स्वयंपाकी नवा होता आणि पातेल्यांची झाकणं सारखीच होती.

मला कळलं तेव्हा मी चप्पल न घालताच धावले. मेसचा झणझणीत रस्सा कुत्र्यांच्या पोटात गेला तर कॅम्पला नेणार काय? नशीब, कुत्र्यांची जेवणं संध्याकाळी असतात. रस्सा जागेवरच होता. पण माणसं दुपारीच जेवून मोकळी झाली होती!

मी कसनुसं तोंड करून मेसमध्ये गेले. सांगावं कसं? तोवर इलेक्ट्रिशियननं तृप्त ढेकर दिली. "मॅडम, आज पहिल्यांदा पोटात जळजळ नाही. हाच कुक ठेवा!"

मी हसून मान डोलावली. मुदीरांनीही डोलावली. त्यांनीही तिथेच जेवण केलं होतं.

* * *

घरी सुटका होती म्हणावं, तर तेही नाही. माझं डोकं चोवीस तास बर्कच्या ताटात. बकरीचं काळीज देऊन बघितलं, उंटिणीचं दूध, खजूर कुस्करून, मध लावून. काही नाही. रोज वजनकाट्यावर तो उभा राहिला की मी आकडा दोनदा वाचायचे. हार मानून हनीफभाईंना बोलवायचं, की हा पठ्ठ्या शेपूट हलवत सगळं फस्त करणार.

एकदा जेवताना मी नवऱ्याला हे सगळं तावातावानं सांगत होते. लेकीनं ताटाकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. "मम्मा, बर्क गेट्स लिव्हर अँड हनी. व्हाय डू आय गेट दुधी?"

नवरा पाणी प्यायच्या निमित्तानं उठून गेला.

* * *

हनीफभाईंच्या जागी ज्यानं उभं राहायचं, तो दत्तू. सातारा जिल्ह्यातला, आधी बांधकाम साइटवर होता, मग इकडे आला. मनानं लोण्यासारखा. बर्क तोंड फिरवायचा तेव्हा दत्तूचेच डोळे भरून यायचे. "मॅडम, ह्यो माझ्याकडं बघतच न्हाई. भाईंच्या पोरीचं लगीन माझ्यापायी मोडायचं का?"

त्यानं एक युक्ती काढली. हनीफभाईंचा न धुतलेला शर्ट घालून गेला. बर्क आनंदानं उड्या मारत आला, बाही हुंगली, खांदा हुंगला, मग मान वर करून चेहरा बघितला. आणि शर्टाची बाही दातात धरून ओढायला लागला. "मॅडम, काढून दे म्हणतोय!" दत्तू ओरडला.

त्या संध्याकाळी तो इतका खट्टू झाला की बर्कचं ताट तसंच ठेवून तिथेच वाळूत बसला आणि स्वतःचा डबा उघडला. पिठलं, भाकरी, मिरचीचा ठेचा. पहिला घास तोंडात गेला आणि शेजारी चपचप आवाज आला. बर्क जेवत होता! स्वतःच्या ताटातलं, स्वतःहून!

मी हनीफभाईंना जाऊन गाठलं. "तुम्ही रोज त्याच्याजवळ बसून जेवता?"

"हो ताई. एकटं जेवण जात नाही मला."

"मग हे आधी का नाही सांगितलंत?"

"तुम्ही विचारलंत, कुत्र्याला कसं भरवता. मी कुठं त्याला भरवत होतो? मी माझा जेवत होतो!"

मला हसावं की रडावं कळेना. मी दोन्ही केलं.

* * *

हनीफभाई गेले. जाताना मुदीरांनी बजावलं होतं, "एक दिन भी नहीं खाया, तो नेक्स्ट फ्लाइट से वापस." मी म्हटलं, इन्शाल्ला, खाईल. आणि बर्क खात होता. दत्तू जेवायचा, बर्क जेवायचा. वजन जागेवर होतं.

मग तो दिवस आला. हनीफभाईंच्या घरी मेंदी, दुसऱ्या दिवशी निकाह. इकडे आमचा कॅम्प परवावर. संध्याकाळी बर्कचं ताट वाढलं, दत्तू शेजारी बसला, आणि बर्क ताटाला शिवेना! ताप नाही, पोट मऊ, नाक ओलं. मी पुन्हा पुन्हा तपासलं. काहीच नाही. एका मुलीचा बाप ऐन निकाहातून परत येणार, आणि मला कारणसुद्धा सांगता येत नव्हतं.

मुदीर आले, ताट बघितलं, फोन काढला. "खलास. मैं टिकट देखता हूँ."

"एक मिनिट," म्हणत मी हनीफभाईंना व्हिडिओ कॉल लावला. पलीकडे बायकांची गाणी, दिव्यांच्या माळा आणि मधोमध नव्या कुडत्यातले हनीफभाई. मी एका दमात सगळं सांगितलं. त्यांचं हसू मावळलं. मागून मुलगी मेंदीचे हात वर धरून बघत होती.

"दत्तूला फोन द्या," ते म्हणाले. "दत्तू, ताट कुठंय?"

"ह्ये काय, समोर हाय."

"त्याचं नाही रे. तुझं!"

दत्तूनं मान खाली घातली. "न्हाई भाई... आज संकष्टी हाय."

गाणी चालूच होती. हनीफभाईंनी डोळे मिटले, उघडले. "मग चंद्रोदय कधी आहे रे तिकडं?"

"क्या हुआ? क्या बोला?" मुदीर फोन हातात धरून उभे. मी माझ्या मोडक्या हिंदीत सांगितलं. चाँद दिखेगा, दत्तू खाएगा. दत्तू खाएगा, बर्क खाएगा.

मुदीरांनी एकदा दत्तूकडे बघितलं. मग त्यांनी फोन खिशात टाकला, प्लास्टिकची खुर्ची ओढून पूर्वेकडे तोंड करून ठेवली आणि तिच्यावर बसले.

"यल्ला, चलो!" ते म्हणाले, "सब लोग चाँद देखो!"